बगळीची उचकी

वायाळनानांना काळजी करायला काही नसलं की फार काळजी वाटायची. जालन्यात त्यांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लावून होतं. सकाळी फाटकात दिसले आणि मी "काय नाना, सगळं बरं ना?" म्हटलं, की ते आवाज खाली आणून सांगायचे, "बरं हाये. लईच बरं हाये. त्याचीच धास्ती वाटून राह्यली." नळाला पाणी वेळेवर आलं, तर उद्या येणार नाही ही काळजी. घराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जायचे, परत येऊन कुलूप ओढून बघायचे, निघायचे, आणि आपण ओढल्यानंच ते सैल झालं असेल म्हणून पुन्हा यायचे. अशा माणसानं निवृत्तीनंतर एक जुनीपुराणी मोटार विकत घेतली, तेव्हा आता ह्यांचं काही खरं नाही असंच सगळ्या गल्लीला वाटलं.

नोकरी त्यांनी टेलिफोन खात्यात काढली होती. जाफराबाद-भोकरदन भागात खांबांवरून तारा जायच्या त्या काळात लाइन बंद पडली की सायकलला दोराचं भेंडोळं अडकवून नाना फॉल्ट शोधायला निघायचे. "फॉल्ट असतोच. आपल्याला सापडला न्हाई, इतकंच," हे त्यांचं आवडतं वाक्य. आमटी खारट झाली तरी तेच, जावयाचा फोन आला नाही तरी तेच. शोधायची रीतही ठरलेली. लाइनच्या मध्यावर उभं राहायचं, अलीकडं बोलणं येतं का बघायचं, मग पलीकडं. एका वेळी एकच गोष्ट तपासायची. "दोन गोष्टी एकदम बदलल्या आन् लाइन सुरू झाली, तर कोणामुळं झाली हे बिलकुल कळत न्हाई. मंग जन्मभर तोच घोर," असं ते मला नेहमी समजावायचे.

मोटार एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या अंगणात उंबराखाली उभी होती. जवळजवळ भंगाराच्या भावात मिळाली. गिअरचा दांडा स्टिअरिंगला, पुढची सीट बाकासारखी अखंड, दाराच्या काचेला कोपऱ्यात आणखी एक त्रिकोणी काच. ज्यांचं लहानपण त्या काळातलं आहे त्यांना गाडीचं नाव सांगायची गरज नाही. पुष्पाकाकूंनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, तिचं नाव बगळी ठेवलं. कारण ती पांढरी होती आणि एका जागी तासन्‌तास उभी राहायची. फेरी मारून आलं की नाना बॉनेट उघडायचे आणि इंजिनाशेजारच्या पत्र्यावर पालथा हात ठेवायचे, पोराचा ताप बघावा तसा. ताप नसला तरी चेहरा उतरलेलाच.

काकू सगळ्याच बाबतीत नानांच्या उलट. ठेंगण्या, मोठ्या आवाजाच्या, पिंपळगाव रेणुकाईच्या लेक. घरातली सगळी काळजी नानांनी उचलल्यामुळं त्यांच्या वाट्याला ती उरलीच नव्हती. त्यांना नाद एकच, उचकीचा. उचकी लागली की कोणीतरी आठवण काढतं, हे आपल्याकडं पोरासोरांनाही ठाऊक असतं. पण काकूंनी त्याचं शास्त्र बनवलं होतं. उचकी लागलेल्या माणसाला त्या पाणी पिऊ द्यायच्या नाहीत. "पाण्यानं आठवण तुटती," म्हणायच्या. समोर बसवून एकेक नाव घ्यायच्या, आणि ज्या नावाला उचकी थांबेल त्याला लगेच फोन लावायचा. एकदा त्यांच्याकडं चहा पिता पिता मला उचकी लागली. काकूंनी माझं अख्खं खानदान पुकारलं. परभणीच्या आत्याच्या नावाला उचकी थांबली. फोन लावला तर आत्या म्हणाली, "अरे, मी झोपले होते, कशाला काढू तुझी आठवण?" काकू जराही हलल्या नाहीत. "मंग सपनात काढली आसंल," म्हणून त्यांनी माझा कप भरला.

या नावांच्या यादीत नानांचं नाव कधी नसायचं. काकू नवऱ्याचं नाव घेत नसत. हळदीकुंकवाला आग्रह झाला की उखाणा शेवटापर्यंत मोठ्या झोकात न्यायच्या आणि नावापाशी आलं की पदर तोंडाला लावून बसायच्या. बाया हसून हसून बेजार. एकदा दवाखान्याच्या खिडकीवर चिठ्ठी काढताना आतल्या मुलीनं विचारलं, "नवऱ्याचं नाव?" काकूंनी मागं उभ्या असलेल्या नानांकडं हनुवटी केली. "हे काय हायेत ना उभे. त्याहिलाच इचारा." नाना घरी येऊन माझ्याकडं तक्रार करायचे. "विनायकराव, गल्लीतल्या कुत्र्याचंबी नाव घेती ही. दिगंबर म्हणायला काय जीभ झडती का?" तक्रार लटकी असायची. मला वाटतं, आपलं नाव असं झाकून ठेवलेलं त्यांना आवडायचं.

मग काकू विसरायला लागल्या. आधी भाजीत दोनदा मीठ, मग चुलत्याचं मरण, मग रस्ता. ते सगळं मी सांगत बसत नाही. ज्यांच्या घरात झालंय त्यांना माहीत आहे. जालन्यातल्या एका तरुण डॉक्टरांकडं आम्ही गेलो, मी सोबतीला म्हणून. काकू तिथं एकदम तरतरीत. स्वतःचं नाव सांगितलं, माहेर सांगितलं, भावंडं ओळीनं सांगितली. शेवटी डॉक्टरांनी नानांकडं बोट केलं. "हे कोण? यांचं नाव काय?" काकू लाजल्यासारख्या हसल्या आणि भिंतीकडं बघायला लागल्या. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. काकू गप्प. नवऱ्याला ओळखत नाहीत, असं डॉक्टर हळू आवाजात म्हणाले.

नाना खुर्चीतून उठलेच. "न्हाई डॉक्टरसाहेब, तसं न्हाई. ती नाव घेत न्हाई माझं. कधीच घेतलं न्हाई. इसरली न्हाई ती."

डॉक्टर बिचारे बाहेरगावचे आणि नव्या पिढीचे. त्यांनी मान हलवली आणि आधीपासून चालू असलेल्या दोन गोळ्या एकदम बदलल्या. जिना उतरताना नाना त्यावर चिडले होते, निदान मला तसं वाटलं. खाली आल्यावर त्यांनी माझा दंड धरला. "विनायकराव, एक सांगा. नाव न घेणं आन् नाव न येणं, ह्यातला फरक कसा काढायचा? दोन्हीकडं आवाज सारखाच येतो हो." त्या दिवसापासून नानांच्या बाकीच्या काळज्या गळून पडल्या. कुलूप ओढून बघणंसुद्धा थांबलं. ही एकच उरली, आणि ती विचारायची सोय नव्हती.

दुपार कलली की काकू उठून बसायच्या. "चला, घरी चला. दिवे लागायच्या आत पोचू." घरातच आहोत हे सांगून उपयोग नसायचा. दाराची कडी काढायच्या, चपला हातात घ्यायच्या, कधी रडायच्या. भिंतीपलीकडं मला ते सगळं ऐकू यायचं. मग नाना त्यांना बगळीत बसवायचे आणि भोकरदनच्या रस्त्यानं निघायचे. त्या वाटेनं पिंपळगाव, म्हणून काकू खूश. अर्ध्यातून नाना गाडी वळवायचे. घराच्या दिशेनं गाडी चाललीय एवढं काकूंना पुरायचं, घर कुठल्या बाजूला हे त्या विचारायच्या नाहीत. परत येऊन उतरल्या की "आलो बाई," म्हणून निवांत व्हायच्या. एकदा बगळी गॅरेजमध्ये होती म्हणून मी माझ्या नव्या गाडीतून नेलं. काचा बंद, एसी चालू. चौकापर्यंतही पोचलो नाही. काकू काचेवर हात आपटायला लागल्या, "कोणाची गाडी हाये ही? कुढं नेता मला?" मी घाबरून गाडी फिरवली. त्यांना ती अखंड सीट, पेट्रोलचा तो वास आणि त्रिकोणी काचेतून येणारा वाराच हवा होता. बगळी चालली तर संध्याकाळ चालायची, नाहीतर नाही.

आणि नेमकी बगळी बिघडली. भोकरदन रस्त्याला एक चढ आहे. इंजिन तापलं आणि चढ लागला की गाडी धक्का खायची, एकदा, दोनदा, मग सरळ. मेस्त्री लोक त्याला मिसिंग म्हणतात. काकू मात्र पहिल्याच धक्क्याला टाळी वाजवून म्हणाल्या, "उचकी लागली बगळीला! कोणी आठवण काढली?" आणि नावं सुरू. गोदाआक्का, भीमदादा, मामी, विहिरीवरची शेवंता, पुण्याची लेक. कितीतरी दिवसांत त्या एवढं सलग बोलल्या नव्हत्या. पण नानांचं कुठं लक्ष होतं. त्यांचा जीव सगळा बॉनेटखाली.

त्यानंतर रोज सकाळी त्यांच्या अंगणात तपासणी सुरू झाली. मला सीटवर बसवून ते ओरडायचे, "रेस द्या! बस्स! कमी करा!" इंजिनाला चार सिलिंडर, प्रत्येकाला ठिणगीची एक वायर. चालू इंजिनावर एकेक वायर काढून बघायची. काढल्यावर आवाज बिघडला तर ते सिलिंडर कामाचं. आवाज तसाच राहिला तर ते आधीच मेलेलं. नाना एकेक वायर काढायचे, शॉक बसला की "आई गं" म्हणायचे, आणि चारही वेळा आवाज बिघडायचा. म्हणजे चारही बरी. अंगणात बगळी डॉक्टरसमोरच्या काकूंसारखीच शहाणी. फॉल्ट दिसायचा तो फक्त चढावर, दिवस कलताना. मी म्हटलं, प्लग, पॉइंट, कंडेन्सर, ठिणगीचं सगळं सामान एकदम नवं टाका आणि मोकळे व्हा. नानांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी डॉक्टरांच्या गोळ्या आठवून गप्प बसलो. एकेक वस्तू बदलायची, संध्याकाळी चढ चढून बघायचा, दुसऱ्या दिवशी पुढची. प्लग बदलले, उचकी कायम. पॉइंट घासले, कायम. कार्बोरेटर उघडून त्यातला गाळ काढला, दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा कायम. नाना सांगायचे पेट्रोलचा पंप, मग म्हणायचे उन्हानं पेट्रोलची वाफ होते, मग म्हणायचे नाही, टाकीतच कचरा. मी त्यांना इतकं छातीठोक आणि इतकं चुकीचं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

एका संध्याकाळी मी मागं बसलो होतो. चढावर बगळीला उचकी लागली, पुन्हा लागली, आणि ह्या वेळी ती बंदच पडली. नाना बॉनेटकडं धावले. मी खाली उतरून चाकांमागं दगड लावत होतो. मान वर केली तर पुढचं दार उघडं. काकू रस्त्याच्या कडेनं भराभर चालल्या होत्या, चपला हातात. समोरून कापसाची गाठोडी लादलेला टेम्पो येत होता, त्याच्यामागं माणसांनी ठासून भरलेली जीप. मी ओरडलो. नाना पाना टाकून धावले, त्या वयात, हाताला काळं लागलेलं, मागोमाग मी. टेम्पो हॉर्न दाबत काकूंच्या पदराला वारा लावून गेला. नानांनी त्यांना धरलं, तर त्या हात सोडवायला बघत होत्या. "सोडा हो! घरी वाट पाहून राह्यले. सोडा, कोण तुम्ही?"

हे त्यांनी आम्हा दोघांना उद्देशून म्हटलं की एकट्या नानांना, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. जीपमधल्या माणसांनी उतरून गाडीला धक्का मारला. ती सुरू झाली. पुण्याच्या लेकीला हे फोनवर कळलं तेव्हा तिनं सरळ सांगितलं, पुन्हा एकदा गाडी बंद पडली तर गाडी विकायची आणि आईला तिनं घेऊन जायचं. तिचंही काही चुकत नव्हतं. नाना त्या दिवसांत जेवायचे की नाही कोण जाणे, गालफडं बसली होती. मीही ऑफिसात पाच वाजले की घड्याळ बघत बसायचो, आता निघाले असतील, आता चढ आला असेल.

शेवटी भोकरदन नाक्यावरच्या गॅरेजवाल्या रफिकभाईंनी गाडी ठेवून घेतली. रफिकभाई नानांच्या जुन्या ओळखीचे. "नाना, तुमच्या जिवाला चैन न्हाई, म्हणून गाडीच्याबी न्हाई," म्हणाले. त्यांनाही फॉल्ट सहजासहजी सापडला नाही. तिसऱ्या सिलिंडरची वायर एका पट्टीला घासून आतून तडकली होती. थंड असताना बरोबर, तापली की तिथून ठिणगी पळायची. ती नानांनी शंभर वेळा हातात धरली होती, पण वायर बदलली नव्हती, कारण अंगणात आवाज बरोबर यायचा. नवी वायर टाकली. बगळी चढ असा चढली की जणू रस्ता सपाट. नाना आनंदानं स्टिअरिंगवर थाप मारून मला म्हणाले, "सापडला! म्हटलं नव्हतं, असतोच म्हणून?"

काकू गप्प होत्या. जातानाही आणि येतानाही. दुसऱ्या संध्याकाळी तेच. त्रिकोणी काचेतून बाहेर बघत बसायच्या. एक नाव नाही, एक शब्द नाही. घरी आल्यावर "आलो बाई"ही नाही. दार उघडून धरलं तरी त्या सीटवरच. असे काही दिवस गेले. नानांनी आधी गोळ्यांना दोष दिला, मग हवेला. मग एका सकाळी रफिकभाईंचा मला फोन. "साहेब, जरा समजवा नानाला. जुनी तडकलेली वायर परत मागून राह्यले. कचऱ्यातून हुडकून दिली मी. अशी गिऱ्हाइकी केली न्हाई हो जिंदगीत."

मी भिंतीवरून विचारलं तेव्हा नाना बॉनेटखालीच होते. "नवी डॅशबोर्डात ठेवली हाये," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "बंद पडली तर जल्दी बदलता येती. दाराला आतून लॉक बसवलंय." पाना पुसत म्हणाले, "उचकी लागली की बोलती ती. उचकी काढली मीच." मग पत्र्यावर हात ठेवून उभे राहिले. इंजिन थंडगार होतं. मला त्यांचा राग आला, लेकीचं बोलणं आठवलं, टेम्पोही डोळ्यांसमोर आला. पण संध्याकाळी ऑफिसातून लवकर निघालो आणि विचारल्याशिवाय मागच्या सीटवर जाऊन बसलो.

त्याच आठवड्यात माझी वाटूरला बदली झाली, म्हणून ती माझी त्यांच्यासोबतची शेवटची फेरी. चढ आला. नानांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं, मी दाराचं हँडल. बगळीनं धक्का खाल्ला. काकूंनी मान वळवली. आणखी एक धक्का.

"उचकी लागली," काकू म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता. "कोणी आठवण काढली बाई. गोदाआक्का?" बगळी पुन्हा उचकली. "भीमदादा? न्हाई. मामी?" यादी आता आखूड झाली होती. शेवंता त्यात नव्हती, लेकही नव्हती. काकू थांबल्या, कपाळाला आठ्या घालून शोधत राहिल्या. मग अगदी सहज, शेजारणीला हाक मारावी तसं म्हणाल्या, "दिगंबर?"

नाना समोर बघत गाडी चालवत राहिले. नवऱ्याचं नाव काकूंनी कधीच घेतलं नसतं. म्हणजे शेजारी बसलेला माणूस त्यांच्या लेखी नवरा राहिला नव्हता. नानांना ते माझ्याआधी कळलं असणार. ज्याचं उत्तर ते इतके दिवस शोधत होते, ते मिळालं होतं. 

"कोण दिगंबर?" नानांनी गिअर बदलत विचारलं.

"हाये एक," काकू म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या. "टेलिफोनात हाये. खांबावर चढतो. चांगला हाये, पण लई काळजी करतो." चढ संपून सपाटी लागली होती. काकूंनी नानांच्या बाहीला हात लावला. "तुमाला भेटला तर त्याला सांगा, मी बराबर घरी चालले म्हणून. न्हाईतर बसंल वाट पाहत."

"सांगतो," नाना म्हणाले.

उचकी थांबली होती. चढ संपला म्हणून थांबली असेल, मी काही काकूंसारखा शास्त्री नाही. वळवून आम्ही घरी आलो. काकू उतरल्या, "आलो बाई," म्हणाल्या आणि नानांचा हात धरून पायऱ्या चढल्या. मी अंगणात उभा राहिलो. दार लागलं, आतला दिवा लागला. त्या दिवशी नाना बॉनेट उघडायला बाहेर आले नाहीत.